बोटांना कळणारं पान

४ ऑगस्ट

पोचलो एकदाच्या. मी, आई, दोन ट्रंका आणि आईची ती वेताची खुर्ची, जी टेम्पोवाल्याने शिव्या घालत चढवली आणि शिव्या घालतच उतरवली. तण संशोधन केंद्र म्हटल्यावर मी काहीतरी भव्य मनात धरलं होतं. प्रत्यक्षात एक पत्र्याची शेड, एका खोलीची प्रयोगशाळा, सतरा वाफे आणि वाफ्यांना लागून आमचं दोन खोल्यांचं घर. पण मी खूश आहे. एकोणीस वर्षं आईपासून लांब राहून दुसऱ्यांच्या प्रयोगांची टिपणं काढली, आता प्रयोग माझे.

घराला छान व्हरांडा आहे. आईला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, तेव्हा तिला तिथे बसवून मी निर्धास्त कामाला जाऊ शकेन. बसल्या बसल्या तिने हात पुढे केला, मी त्यात चहाचा कप ठेवला. तिला बहुधा माझा हात हवा होता. पण ट्रंका उघडायच्या होत्या.

६ ऑगस्ट

आजचा दिवस मुकादम बाईंबरोबर गेला. खुरपणीच्या आठ बायका त्यांच्या हाताखाली. त्यांनी मला सगळे वाफे हिंडवले आणि मी त्यांना न विचारता व्याख्यान दिलं. तण मारायचं तर आधी त्याचं पान वाचावं लागतं. रुंद, आडवं पान फवाऱ्याचा थेंब झेलून धरतं आणि मरतं बिचारं. अरुंद, उभं पान थेंब घसरवून टाकतं. काहींच्या अंगावर मेणाचा थर, काहींवर इतकी बारीक लव की थेंब वरच्या वर तरंगतो, कातडीला लागतच नाही. मग औषधात साबण घालायचा म्हणजे थेंब पसरतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हे सगळं अकराव्या वाफ्याला सांगा.

अकराव्यात भात आहे आणि भातासारखंच दिसणारं एक तण. बाई म्हणाल्या, दोष आमचाच. वर्षानुवर्षं बायका नजरेने खुरपत आल्या. जे वेगळं दिसलं ते उपटलं, जे भातासारखं दिसलं ते राहिलं आणि त्याचंच बी पडलं. आता ते इतकं भातासारखं झालंय की आठ जणींत एकीलाही ओळखू येत नाही. त्यातून ते मुळावरून तिसऱ्या दिवशी पुन्हा फुटतं. आम्हीच त्याला शिकवलं, असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले.

९ ऑगस्ट

अकराव्यावर फवारणी. शेजारचे वाफे करपले, हे तण जसंच्या तसं. हातमोज्यांना बारीक भोकं आहेत. नवे मागवलेत.

एक खूण मात्र सापडली. भाताचं पान जिथे देठाला मिळतं तिथे एक पातळ, पारदर्शक जिभली असते. या तणाला ती नाही. भिंगाखाली स्पष्ट दिसतं, पण वाफ्यात उकिडवं बसून पान न् पान भिंगाखाली कोण धरणार?

१२ ऑगस्ट

धरणारी घरातच होती. मी नुसती गंमत म्हणून रोपांचा एक ट्रे आईच्या मांडीवर ठेवला आणि जिभलीचं सांगितलं. तिने बोटं फिरवली आणि दहा मिनिटांत सगळं तण वेगळं काढून दिलं. एकही चूक नाही! तिची पद्धत बघण्यासारखी आहे. पान मुळापासून टोकापर्यंत चाचपते, आणि तण वाटलं की अंगठ्याचं नख बुडाशी रोवून एक पीळ देते. कितीही चिवट देठ असो, कट्कन तुटतो. सत्तरीतही तिच्या बोटांत ताकद आहे.

तिला फार बरं वाटलं. म्हणाली की डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी तिला काम सांगितलं. माझा हात धरायला गेली तेव्हा नेहमीसारखं अंगठ्याच्या मुळाशी चाचपलं. तिथे चट्टा आहे. मी चार वर्षांची असताना तिच्या हातून इस्त्री लागली होती. अजून हळहळते. मी तिला पुढचा ट्रे दिला आणि प्रयोगशाळेत गेले.

१७ ऑगस्ट

तणाला जिभली आली आहे.

पुन्हा पुन्हा पाहिलं. आईने खुडलेली मुळं फुटवा बघायला मी अकराव्यात परत लावली होती, त्यांवर जे नवं फुटलं, त्या प्रत्येकाला. आई म्हणाली, फिकीर नको, याची कड भातापेक्षा खरखरीत लागते. त्या खुणेवर तिने पुन्हा निवडून दिलं. मी उत्साहाने मोठ्या साहेबांना कळवलं, निवडीची नवी पद्धत, स्पर्शाने.

मुकादम बाईंना मात्र ते रुचलं नाही. आईला यात घालू नका म्हणाल्या. नजरेने निवडलं तर ते नजरेला फसवायला शिकलं, मग बोटांनी निवडलं तर ते काय शिकेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाई, तण आहे ते, शाळेत जात नाही. औषधाने माझ्या हातांची सालं निघताहेत. नवे हातमोजे अजून आले नाहीत.

२१ ऑगस्ट

कड मऊ झाली. त्याआधी पानं रुंद झाली होती, आईने ती सगळी खुडली. मग लव आली, तीही खुडली. रोज ती नापसंत करते आणि, आता तिसऱ्या दिवसाची वाटही न पाहता, रोज ते दुसरं काहीतरी होऊन येतं. माझ्या एकाही औषधाने इतकं बदललं नव्हतं.

आज तिने एक ट्रे तसाच परत दिला. यात तण नाही म्हणाली. मी पाहिलं तर त्यात भाताचं एकही रोप नव्हतं. सगळी तीच पानं. रुंद, ढिली, टोकाशी पाच ठिकाणी फाटलेली. हाताला कोमट लागली, उन्हात ठेवली असतील. भिंगाखाली मेण नाही, शिरा नाहीत. पानाच्या पाठीवर बारीक गोल गोल रेषा. अशा रेषा मी कुठे पाहिल्यात ते आठवत नव्हतं. मग भिंग धरलेल्या बोटांकडे लक्ष गेलं. साल निघालेल्या कातडीवर कुठे कुठे त्या अजून शिल्लक होत्या.

२३ ऑगस्ट

दुपारी जेवायला आले तर आई हसतमुख. म्हणाली, "आज किती वेळ बसलीस गं माझ्याजवळ, चिमणे."

मी सकाळपासून प्रयोगशाळेत होते.

२४ ऑगस्ट

आज दारातूनच पाहिलं. ट्रे मांडीवर, तिचा हात त्या पानांत, आणि पानं तिच्या बोटांत बोटं घालून. ती बोलत होती. बाबा गेले त्या दिवसाबद्दल, ज्याबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. किंवा बोलायला लागली की मला काम निघायचं. एका पानाच्या बुडाशी तिचा अंगठा सारखा फिरत होता. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं.

चट्टा. इस्त्रीच्या टोकाचा, तिरका.

आता सगळं उलगडलं. ती जे रूप खुडते ते मरतं, जे खुडत नाही ते वाढतं. बारा दिवस मी त्या तणाला माझ्या आईच्या बोटांवर घासून घासून तयार केलं. तिची बोटं जगात एक गोष्ट कधीच खुडणार नाहीत, आणि ते तिथवर पोचलं. मीच पोचवलं.

ट्रे जाळला. आई खोलीत रडत होती. बाहेर अकरावा वाफा वाऱ्याशिवाय हलत होता, सगळा वाफा, पंजे वर करून.

२५ ऑगस्ट

मुकादम बाई बायकांना घेऊन गेल्या. मलाही चला म्हणाल्या, आईला उचलून नेऊ म्हणाल्या. पण आई दाराची चौकट सोडेना. गाडी शनिवारी येईल. अजून तीन दिवस. मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, नमुना पाठवा.

दुप्पट औषध फवारलं. चौपट साबण. थेंब त्यांच्यावर घामासारखे राहिले आणि सुकून गेले. मोज्यांचा आता काही उपयोग नाही, माझ्या दोन्ही हातांची कातडी गेली आहे.

२६ ऑगस्ट

आई घरात नव्हती. वाफ्यांच्या कडेने बांधलेली दोरी धरून ती अकराव्यात गेली आहे. मधोमध बसली आहे. डावा हात त्यांच्यात मनगटापर्यंत.

ओढलं. ती किंचाळली, कोणीतरी मला नेतंय गं, चिमणे. हे ती मला नाही, त्यांना सांगत होती. मी विळ्याने एक पान कापलं तर ती अशी रडली की माझ्या हातून विळा पडला. पुन्हा उचलवला नाही.

मी आहे आई, मी, असं ओरडत राहिले. ती शांतपणे म्हणाली, "आवाज तर रोज फोनवर यायचा. येते येते म्हणायचा. हात कधी खोटं बोलला नाही."

मी हात दिला. तिने चाचपला. सोललेला, लिबलिबीत. अंगठ्याशी आली, तिथे काहीच नाही. चट्टा औषधाने नेला. "हे नाही," म्हणाली, आणि करंगळीच्या बुडाशी नख रोवून —

सोडवली कशीबशी. हाड दिसतंय.

२७, सकाळ

पाणी घेत नाही. देणारा हात ओळखीचा नाही म्हणते. पानं तिच्या कोपरापर्यंत. उद्याची गाडी — उद्यापर्यंत ती टिकणार नाही.

औषध आता मारता येत नाही. तिच्यावर पडेल.

२७, दुपार

सुचलं. एकच. ती अजूनही ओळीने चाचपते, सवयच आहे. एकेक पान, मुळापासून टोकापर्यंत. जे पटेल ते कुरवाळते, न पटेल ते —

तिच्या पुढच्या ओळीत आडवी झाले आहे. उजवा हात मातीत रोवला आहे, पानांच्या मधे, तळवा वर. डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट.

आई, यात चट्टा नाही. पण दुसरं काहीतरी असेल. तू मला चालायला शिकवलंस तेव्हा धरलेलं. असेल ना. इतकी वर्षं तुझ्याजवळ बसले असते तर तुला माहीत असतं. मला माहीत असतं.

दोन पानं पलीकडे आहे. कुरवाळलं.

पुढचं. कुरवाळलं. हसली.

माझं. बोटं गार आहेत तिची. मनगट. तळवा. हळूहळू. अंगठ्याच्या मुळाशी आली.

थांबली.

आई मी आहे, मी बसते आता तुझ्याजवळ, कुठे जात ना—

नख