चिंचखारचा वाटा

२६ जाने., शुक्र.
सकाळीच गावाहून जनूकाकांचा फोन. पुनवेच्या उधाणात चिंचखारचा बाहेरचा बांध फुटला. मोठी खांड पडलीय, शेतात खारं पाणी. बाबांनी पहिलं काय विचारलं? "तळं?" तळं शाबूत, चिंचेच्या उंचवट्यावर आहे म्हणून. मग म्हणाले, चहा टाक.
आज धाटावच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे करायचे नव्हते (शुक्र. सुट्टी), त्यामुळे दिवसभर तोच विषय. आमचं गाव केवढं? पेणच्या पुढे खाडीला चिकटलेला ठिपका. पश्चिमेला खाडी, उत्तरेला मिठागर, मधे भात, आणि सगळ्या मुलुखात उंच म्हणावी अशी एकच चिंच. बाबा सांगतात, आधी सगळी खाडीच होती. त्यांच्या आज्यापणज्यांनी चिखल रचून पाणी मागे ढकललं, मग जमीन दिसली, मग घरं. लहानपणी मला वाटायचं, जमीन सगळीकडे अशीच करतात.

२८ जाने., रवि.
गावकी बसली. कायदा जुनाच. घरटी एक माणूस. ज्या घराचा माणूस बांधावर, त्याचाच वाटा तळ्यातल्या जिताडा माशांत, आणि तेच घर गावात धरायचं. ठाण्याला गेलेल्यांकडून कुणी येत नाही, आता त्यांना हाकही मारत नाहीत.
आमचं दार बंद आहे. आई गेली, बाबा माझ्याकडे रोह्याला, गुडघे धरून. भाऊ नाही. मी काकांना म्हटलं, मी येते.
काका म्हणाले, "तू आता रोह्याची गो. लेकीला घरचा मानूस कसा धरायचा? ये तर खरी, बघू."
बघा, पण ९ तारखेला ठेवा, शुक्रवार आहे, डबे नसतात, असं मी म्हटलं. काका एवढे हसले की काकूंनी फोन घेतला. नऊला अमावास्या! भर उधाणात खांड बांधायला निघालेली मी! ते काम भांगेचं, अष्टमीच्या आसपास, भरतीला जोर नसतो तेव्हा. खारेपाटात जन्मले आणि हल्ली डब्यांच्या सुट्ट्यांवर पंचांग चालतं माझं. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.
ठरलं: शनि. ३.

३ फेब्रु., शनि. रात्री
हात उचलत नाहीत, पण लिहून ठेवते.
पहाटे डबे करून शेजारच्या वहिनींकडे ठेवले. पेणपर्यंत एसटी, पुढे विक्रम रिक्षा. बांधावर पाऊल ठेवलं आणि तो वास. चिखल, मीठ, कुजका पेंढा. आई भात लावून यायची तेव्हा तिच्या पदराला हाच असायचा. उगाच रडू आलं. कुणी पाहिलं नाही, सगळे खाडीकडे तोंड करून.
पुरुष खांडीत, कमरेएवढ्या चिखलात, बांबू ठोकत. आम्ही रांगेत, घमेली पुढे. माझ्या पुढची म्हणाली, "तू कुनाच्यातली?" मी बाबांचं नाव सांगितलं. "व्हय व्हय, लेक ना त्यांची?" म्हणाली, आणि घमेलं हातात दिलं. दुपारी भाकर, सुकट, कांदा. ओहोटी संपायच्या आत खांड मिटली. जनूकाकांनी गावदेवीला नारळ फोडला. पोरी असताना आम्ही याच बांधावरून मिठागराकडे पळायचो, मीठ चंद्रासारखं नाही, नुसतं मिठासारखंच पांढरं दिसायचं, पण डोळे दिपायचे. आता तिकडे नुसतं गवत.
मग तळ्यात जाळं टाकलं. वाटे चिंचेखाली मांडायचे, झावळीवर, घराघराचं नाव घेऊन. पण माझी शेवटची विक्रम सुटत होती, ह्यांची सेकंड शिफ्ट, बाबा एकटे. निघाले. काकू धावत आल्या, पिशवीत एक जिताडा कोंबला. "घे गो, बापाला आवडतो ना."
एसटीत सगळे नाकाला रुमाल लावून. मी मात्र राणीसारखी.

४ फेब्रु., रवि.
मासा केला. आईच्या पद्धतीनं, कोकम घालून. बाबा सकाळपासून स्वयंपाकघरात चकरा मारत होते. ताट वाढलं. त्यांनी विचारलं, "वाटे मांडले तेव्हा आपलं नाव घेतलं?"
मी म्हटलं, मांडायच्या आधीच निघाले. काकूंनी दिला.
ताटाकडे बघत राहिले. "म्हंजी पाहुणचार. लेक गावाला आली की देतात." हात मागे घेतला. "तू खा. तुला दिलाय. मी त्या गावचा हाय, मला पाहुणचार नको."
वरण भात खाल्ला. मला राग आला. महिनोन् महिने जिताडा जिताडा करणारा हा माणूस! ह्यांनी दोन तुकडे खाल्ले, म्हणाले झकास. माझा तुकडा मी तसाच झाकून ठेवला.
काकांना फोन करून विचारायचं धैर्य नाही. नाही म्हणाले तर?

१० फेब्रु., शनि.
अमावास्येच्या उधाणानं नवी माती चाटली. खांड पाझरतेय. गावच्या ग्रुपवर फोटो. बाबांनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिला. "कोपऱ्यात ती चिंच," म्हणाले. मला ती दिसलीच नव्हती.

१६ फेब्रु., शुक्र.
ग्रुपवर काकांचा निरोप: "उद्या भांग. खांड परत बांधायची हाय. घरटी एक मानूस." मला वेगळा फोन नाही. असायला हवा होता का? घरच्यांना कुणी वेगळं बोलावतं?
उद्याच्या डब्यांना सुट्टी सांगून टाकली. पोरं कुरकुरली. कुरकुरू देत. हे रजा टाकून बाबांजवळ थांबतायत. शेवटची विक्रम गेली तर जाऊ दे, काकूंकडे पडेन. या वेळी वाटे मांडेपर्यंत चिंचेखालून हलणार नाही. नाव घेतलं तर... नाही घेतलं तर रिकामी पिशवी घेऊन येणार, काकूंनी दिला तरी घेणार नाही.
बाबांना हे सगळं सांगितलं. मग मीच विचारलं, मसाला आजच वाटून ठेवू?
"आल्यावर वाट," म्हणाले. जरा वेळानं आतून आवाज आला, "कोकम हायत ना घरात?"