कॅप्टनसाठी विडा

शनिवार, १४ जून २०२५

पंखा ओढायला लावला मला! मला!

अंबरीश म्हणाला, "बाबा, घरात बसून कंटाळता. चला, म्युझियमला जाऊ." ब्रिस्टलच्या बाहेर कंपनीच्या काळातल्या एका साहेबाची हवेली आहे. काचेची कपाटं नाहीत, पाट्या नाहीत — माणसंच जुने कपडे घालून त्या काळात वावरतात. त्यात लाल डगल्यातला एक कॅप्टन. दर शनिवारी तो एका मराठी किल्लेदाराकडून किल्ला घेतो. किल्लेदार म्हणजे कापडदुकानातला पुतळा, कमरेत वाकवलेला. पगडी तिरपी! छताला झालरीचा पंखा. त्याची दोरी ओढायला कॅप्टननं गर्दीतून मला हेरलं. "यू, सर! यू लुक द पार्ट!"

आणि मी ओढली. तहाची कलमं वाचून होईपर्यंत ओढत होतो. लोक हसले. आमचे चिरंजीवही हसले — "इट्स जस्ट अ बिट ऑफ फन, बाबा." अन्वीनं व्हिडिओ काढला. "आजोबा, तू किती फनी दिसली!"

दिसली म्हणे. नातीची मराठी गेली, आज आजोबाही गेला.

रविवार, १५ जून

खांदा दुखतोय. सूड घेणार.

मंगळवार, १७ जून

चौथीत गुरव मास्तर कविता उभं राहून म्हणायला लावायचे. किल्ल्याची कविता आली की पाळी माझीच. शेवटच्या कडव्याला व्हरांड्यातला शिपाईसुद्धा घंटेचा हातोडा हातात धरून थांबायचा. भुजंगप्रयात! छाती भरून घेतल्याशिवाय म्हणताच येत नाही. काय आवाज होता माझा...

आणि परवा? हातात दोरी, तोंडातून अवाक्षर नाही.

सकाळी बागेत बसून एक ओळ रचली —

तुझ्या तोफखान्यास मी घाबरेना

दुसरी सुचत नाही. दोरी आडवी येते.

गुरुवार, १९ जून

सापडलं! विडा!

दरबारात भेट आटोपली की विडा द्यायचे. हातावर विडा पडला की पाहुण्यानं ओळखायचं — झालं, उठा, मुजरा करा, चालू लागा. किती सुंदर रीत! आरडाओरड नाही, अपमान नाही. कॅप्टनला तसाच निरोप देणार. सगळ्यांदेखत. दोनशे वर्षं उशिरानं का होईना.

शिवाय चुना. पानाला नखभर पुरतो. मी चमचाभर भरणार. जीव जात नाही, जीभ जाते. चार दिवस हुकूम सोडता येणार नाहीत लेकाच्याला!

रविवार, २२ जून

वेम्बलीला विलासकडे. ईलिंग रोडवर पानं मिळाली, कात मिळाला, चुन्याची डबी मिळाली. विलासच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बसून मोठ्या उत्साहात बेत सांगितला. तो चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं ओळखतो तुला, कविता काही सुटत नाही तुझी. अरे, पंखे ओढणारे साहेब यायच्या आधीही ओढतच होते. तुझा किल्लेदार त्यांना विडे देत होता का रे?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरी नाही. एक दिवस दोरी धरलीस तर खांदा धरला तुझा. आमच्या पणज्याला विचार."

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. खरं आहे त्याचं. पण कॅप्टनला सोडणार नाही.

शुक्रवार, २७ जून

विडा बांधला. वर लवंग टोचली. सूनबाईच्या, इरावतीच्या रुखवतातलं चांदीचं तबक मागितलं. "कशाला हो बाबा?" ती हॉस्पिटलला ड्यूटीवर निघाली होती, म्हणून सुटलो. "फॅन्सी ड्रेस," म्हणालो.

शनिवार, २८ जून

काळी टोपी, उपरणं, तबक. कॅप्टननं ओळखलं — "आह, माय पंखा मॅन!" पुन्हा हशा. मी दोरीकडे गेलोच नाही. सरळ त्याच्या टेबलाशी. खणखणीत आवाजात म्हणालो, "कॅप्टन, धिस ऑडियन्स इज ओव्हर. यू मे गो." गुरव मास्तर, ऐकलंत?

त्यानं तबकाकडे पाहिलं. टोपी काढली. टकलावर घाम. "इज इट... पान?"

विडा दोन्ही हातांनी उचलला, पण तोंडात घालीना. रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. साहेबाचा आवाजच गेला त्याचा, अगदी साधं बोलला. नाव कीथ. आई देवळालीच्या छावणीत जन्मलेली, दहा वर्षांची होईतो तिथेच वाढलेली. म्हातारपणीही आठवण काढायची — आया तिला चोरून पान द्यायची म्हणे. "शी'ल लव्ह धिस," म्हणाला. आणखी कुठं मिळेल ते विचारायला माझा नंबर लिहून घेतला. माझा हात हातात धरून राहिला.

हिसकावून घ्यायला हवा होता. निदान सांगायला. तोंड उघडलंच नाही. पुन्हा!

रविवार, २९ जून

म्युझियमला सहा वेळा फोन. मशीनच बोलतं. निरोप काय ठेवू? म्हातारीला विडा देऊ नका, त्यात सूड आहे?

मंगळवार, १ जुलै

कीथचा फोन. आईनं विडा खाल्ला. चावला, थुंकला, तोंड पोळलं. आणि बोलली! नाताळात अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द उच्चारला नव्हता तिनं. आता सारखी तेच तेच म्हणते आणि घरात कोणाला कळत नाही. त्यानं फोन तिच्या तोंडाशी धरला. चिरका, म्हातारा आवाज. आयाची मराठी, जशीच्या तशी —

"मुडदा बशिवला तुझा! येवढा चुना घालत्यात का रं?"

कीथ रडत होता. "व्हॉट इज शी सेइंग?"

शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

"हूज शी सेइंग इट टु?"

मला, म्हणालो.