हॉर्न बिघडलेला नाय

द्वारके,

घरासमोरून जाताना मी तीन हॉर्न द्यायचे अन् तू पोरीला घेऊन बाहेर यायचं, एवढीच आपली भेट. आज हॉर्न का नाय दिला, असं तू फोनवर इचारलंस. मी म्हणलो, बिघडलाय. द्वारके, हॉर्न ठणठणीत हाय.

जळगावला माल उतरवला अन् ट्रान्सपोर्टच्या मुन्शीचा फोन आला, "लगेच भरून नीघ." म्हणलं, दोन दिवस डोळा लागला नाय, चार घंटे पडू द्या. तो म्हणला, "मग घरीच झोप, गाडी दुसऱ्याला देतो." वरून दर अर्ध्या घंट्याला इचारतो, "कुठवर आला?"

फुलंब्री मागं पडलेलं आठवतंय. त्यानंतर गाडी कशी हाकली ठाऊक नाय, भान आलं ते थेट हर्सूलच्या सिग्नलला, मागचा गाडीवाला हॉर्न मारत होता म्हणून. मधलं आपलं घर मला दिसलंच नाय.

तू म्हणलीस, पोर पार डांबरावर येऊन हात हलवत होती.

आता वाळूजला गाडी खाली व्हायला टाइम हाय, पण झोप येत नाय. हे पत्र काय तुला देणार नाय. फोनवर एवढंच सांगीन, माझी गाडी दिसली की पोरीला घरात घेत जा.

तुझा,
बन्सी