चौदा तारखेचं पत्र

राणीसावरगाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. कावेरीअक्कास,
उद्धवचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे तूर निघाली, हरभरा घाट्यावर आहे. फोन मुद्दाम केला नाही. वीस तारखेला गंगाखेडच्या कोर्टात सटवाजीदादांची साक्ष आहे. शेजारच्या आदिनाथची सोयाबीनची गंजी पेटवताना त्यांनी मला पाहिलं, आणि आपलेच चुलतभाऊ असून ऐकायला तयार नाहीत. त्या दिवशी मी पूर्णेला तुझ्याकडे होतो, असा जबाब तू दिला आहेस. दादा बोलले तर आपण दोघंही अडकलो.

म्हणून, या बारा-तेराला मी तुझ्याकडे मुक्कामी होतो असं पत्र लिही. चौदालाच पेटीत टाक, म्हणजे शिक्का खरा बसेल. जेवायला काय केलं वगैरे तुझ्या मनानं घाल. हे पत्र जाळ.

कृपा असू दे.
तुझा उद्धव

पूर्णा,
७ फेब्रुवारी

चि. उद्धवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्काला पत्र लिहायला तुला अकरा वर्षं लागली, आणि लिहिलंस ते असं! बाराला काय आहे, हे मी विचारत नाही. विचारलं तर तू सांगशील. भक्तीच्या वेळी मला दवाखान्यात दादांनीच नेलं होतं. दोन दिवस ठरवलं होतं, लिहायचं नाही. पण खोटा जबाब उघडा पडला तर ह्यांची रेल्वेतली नोकरी, भक्तीची दहावी, सगळंच गेलं. लिहीन. दादांसाठी भीती वाटते, आणि तुझीही वाटते.

माया आहे, तिचा अंत पाहू नकोस.
तुझी अक्का

पूर्णा,
१४ फेब्रुवारी

चि. उद्धवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नीट पोचलास ना? बुधवारी अचानक आलास, दोन दिवस घर भरल्यासारखं वाटलं. वांग्याच्या भरताबरोबर तीन भाकरी खाल्ल्यास म्हणून भक्ती अजून हसते आहे. तुझा टॉवेल इथंच राहिला. घरी सर्वांना नमस्कार, सटवाजीदादांना विशेष सांग.

असाच येत जा.
तुझी अक्का

राणीसावरगाव,
१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बाराला मी गेलो होतो. दादा विहिरीवर एकटेच होते. मला बघून म्हणाले, उद्ध्या, बस, भाकर खा. घरचं भांडण कोर्टात कशाला, मी काय बी पाहिलं न्हाई म्हणून सांगतो. मी त्यांच्याबरोबर जेवलो आणि लय रडलो. तुला लगेच कळवायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून राहिलं.

काल ते आमच्या ओट्यावर चहा घेत होते. पोस्टमननं तुझं पत्र त्यांच्याच हातात दिलं. कावेरीचं पत्र म्हणून कौतुकानं फोडून ते मोठ्यानं वाचू लागले. बुधवारपाशी थांबले. पुढचं मनातल्या मनात वाचलं. मग म्हणाले, बुधवारी तर तू माझ्या विहिरीवर जेवलतास. कशासाठी आलतास, ते आता कळालं.

पत्र खिशात घालून ते चहा अर्धा ठेवून उठले. उद्या सकाळच्या एसटीनं गंगाखेडला निघालेत. फोनवर हे तुला सांगवेना, आणि हे पत्र मिळेल तोवर साक्ष झालेली असेल. भाऊजींना लगेच सगळं सांग, अक्का. पोलिसांकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे.

लोभ ठेव, असं लिहायला हात धजत नाही.
उद्धव