भोवऱ्याचा करार मोडल्याबाबत

तीर्थस्वरूप आक्कास,

पाठच्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला हटला का, जिन्यातला दिवा कोणी बदलला का, हे सगळं मनापासून विचारतो आहे. फोन तू उचलत नाहीस. परवा उचललास तेव्हा 'मेल्या' एवढंच म्हणून ठेवलास. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच आपटता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण तू कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडत नाहीस (माझं सातवीचं प्रगतिपुस्तकसुद्धा तू आधी शेऱ्यापर्यंत वाचलंस आणि मगच बाबांच्या हातात दिलंस), त्या भरवशावर लिहायला बसलो आहे.

तर तुझ्या मुलाने, म्हणजे आपल्या भोवऱ्याने, शर्यतीच्या गाड्या चालवणं सोडलं. सलग दोन वर्षं पहिला आलेला माणूस, वय एकतीस, आणि करारावरून बिनसलं म्हणून घरी बसला. करार करायला कोण बसलं होतं, तर मी. त्यामुळे जग मला काय म्हणतं ते तुला सांगायला नको, त्यातलं निम्मं तर तूच म्हणालीस. एका पेपराने माझा फोटो छापून खाली 'हेच ते मामा' असं लिहिलं. न्हावी दाढी करताना वस्तरा गळ्याशी आणून विचारतो, की मामा, असं का केलंत? ते सगळं मी सोसलं असतं. पण भोवरा माझ्याशी बोलत नाही, आज एकोणीस दिवस झाले. मला ना मूल ना बाळ, आयुष्यात मी कमावलेला तो एकच माणूस, आणि तो मला पाहून रस्ता बदलतो. हे मात्र मला झेपत नाही, आक्का.

आता मुळात मला तिथे बसवलंच कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. मी ड्रायव्हिंग स्कूलवाला. चौतीस वर्षं शिकाऊ लोकांच्या डाव्या हाताला बसून, पायाखालच्या जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून मी माझी हाडं शाबूत ठेवली. (तो ब्रेक दाबला की शिकाऊ माणूस हमखास चिडतो. त्याचं म्हणणं असतं, मी थांबवणारच होतो. एकही जण थांबवणार नसतो.) पण भोवऱ्याला पहिल्यांदा क्लच दाबायला शिकवला तो मी, आणि सात वर्षांपूर्वी त्यानेच त्याच्या वतीने सह्या करायचा अधिकार मला लिहून दिला. वकील नको, मामा हवा, म्हणाला. तेव्हा तूच लाडू वाटायला निघाली होतीस, हे विसरू नकोस.

बैठक त्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत झाली. एका बाजूला सगळी काच, खाली मेकॅनिक गाडी उघडून बसलेले, आणि टेबल एवढं लांब, की मीठ मागायचं तर चिठ्ठी पाठवावी लागावी. समोर संघाचे मालक आणि त्यांची वकीलबाई. वकीलबाईंना सर्दी झालेली. मी जरा रंगात आलो की त्यांना शिंक यायची आणि माझा मुद्दा वाहून जायचा. करार एकशे चाळीस पानांचा. भोवरा माझ्या शेजारी बसून काचेतून खाली बघत होता. सही करून टाका मामा, एवढंच त्याचं मत.

मी म्हटलं, थांब. पहिली अट घातली टोपीची. करारात लिहिलेलं, की चारचौघांत कंपनीची टोपी डोक्यावर हवी. मी विचारलं, न्हाव्याकडे कसं करायचं? मालक हसले आणि म्हणाले, न्हाव्याकडे नको घालू दे. मग मी बिस्किटाचा विषय काढला. एक बिस्किटवाला संघाला पैसे पुरवतो, म्हणून वर्षातून चाळीसदा बिस्किट चावतानाचा फोटो द्यायचा. मी म्हटलं, मुलाचे दात झिजतील, वीसदाच चावेल. तेही कबूल. मग मागणी केली, की शर्यत चालू असताना कानात जे हुकूम देतात ते अदबीने द्यावेत, 'जरा वेग वाढवता का' अशा भाषेत. वकीलबाई शिंकल्या, पण लिहून घेतलं. मग मी मालकांच्या खुर्चीएवढी उंच खुर्ची मागितली, ती तर लगेच आणून दिली आणि तिच्यावर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकेनात. आक्का, मला खरं सांगायचं तर मनस्वी राग आला. माणूस कंबर कसून भांडायला जातो आणि समोरचा सगळ्याला हो म्हणतो, याच्यासारखा अपमान नाही. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सही होणार अशी लक्षणं दिसायला लागली.

इथे तुला पक्कडबद्दल सांगायला हवं. शर्यतीत गाडी चाकं बदलायला दोन-तीन सेकंद थांबते. थांबायची जागा पट्टी मारून आखलेली असते आणि प्रत्येक चाकापाशी एकेक माणूस आधीच गुडघ्यावर बसलेला असतो. गाडी वाऱ्यासारखी येते आणि त्याच्या नाकासमोर थांबते. थांबणारच, या विश्वासावर तो बसतो, हलायचं नाही अशीच रीत आहे. डाव्या पुढच्या चाकाचा माणूस म्हणजे पक्कड. पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, भोवऱ्याबरोबर पहिल्या दिवसापासून. तीन महिन्यांपूर्वी गाडी पट्टीपासून वीतभर डावीकडे गेली आणि पक्कडची नडगी दोन ठिकाणी मोडली. चौकशी झाली, ब्रेकवर खापर फुटलं. भोवरा महिनाभर रोज दवाखान्यात जाऊन बसायचा. पक्कड आता काठी घेऊन चालतो, आणि वर भोवऱ्याला धीर देतो तो असा, की म्हणतो, एक पाय उरलाय ना, बाकीची चाकं त्याच्यावर बदलू.

तर चौथ्या दिवशी मी उंच खुर्चीवरून म्हणालो, की माझी शेवटची अट. पुढच्या शर्यतीपासून पक्कडच्या जागी, डाव्या चाकापाशी, मालकांनी स्वतः गुडघ्यावर बसावं. खोलीत वकीलबाईंची शिंकसुद्धा अर्ध्यात थांबली. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्याहून जास्त भोवऱ्याचा. मालक उठले आणि म्हणाले, पुरे झालं. भोवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, तुम्ही बाहेर जा." मी गेलो. पण त्याआधी वकीलबाईंनी पुढे केलेल्या ताटातुटीच्या कागदावर, रागारागात, त्याच्या वतीने सही ठोकून गेलो. त्यातलं अठ्ठाविसावं कलम मी वाचलं नव्हतं. दोन वर्षं दुसऱ्या कोणाचीही शर्यतीची गाडी चालवायची नाही, असं ते कलम. चौतीस वर्षं लोकांना 'पाटी वाच, मग वळ' म्हणून डोकं खाणारा मी, आणि स्वतः न वाचता वळलो. ज्याला कळलं तो हसला. वाटेल तो संघ त्याला उचलायला टपलेला होता, आणि मामाने दार आतून लावून किल्ली बाहेर फेकली.

दुसऱ्या दिवशी भोवऱ्याने कॅमेऱ्यांपुढे तीन वाक्यांत सांगितलं, की दोन वर्षं वाट बघत बसणाऱ्यातला मी नाही, मी हा खेळच सोडतो, आणि याउपर काही विचारू नका. मग सामान न्यायला कारखान्यात आला. मीही खोका धरायला गेलो होतो, त्याने धरू दिला नाही. स्वतःच शिरस्त्राणांचा खोका घेऊन निघाला आणि दाराच्या चौकटीवर डावा खांदा असा आपटला, की वरचं शिरस्त्राण गडगडत जिन्यावरून खाली गेलं. रागात होता. मी ते उचलून गाडीत ठेवलं, तर त्याने गाडी माझ्यासाठी न थांबता काढली. मी बसने घरी आलो.

असो. माझ्या अकलेचे दिवे मी तुझ्यापुढे लावले आहेत. तुला एवढीच विनंती, की रविवारी तो तुझ्याकडे राहायला येतो आहे, तेव्हा 'मामाला एक फोन कर' एवढं त्याच्या कानावर घाल. दाजींना नमस्कार.

तुझा,
पाठचा आणि सध्या नालायक

ता. क. माझा राखाडी स्वेटर तुझ्याकडे राहिला आहे. घाई नाही.

ता. क. दुसरा. अठ्ठाविसावं कलम मी वाचलं नव्हतं असं वर लिहिलं, ते खोटं आहे. ते कलम मीच घालायला लावलं. आदल्या दिवशी जिन्यात वकीलबाईंना गाठून सांगितलं, की ताटातूट झालीच तर एवढं एक वाक्य असू द्या. बाईंनी नाक पुसलं आणि कारण न विचारता वाक्य लिहून घेतलं. भली बाई आहे. टोपी, बिस्किट, खुर्ची हे सगळं करार मोडावा म्हणूनच होतं. ते हो हो म्हणत गेले तसा मला घाम फुटत गेला.

ता. क. तिसरा. आता बस, आणि चष्मा लावून वाच. भोवऱ्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी गाडी भिंतीवर गेली तेव्हापासून. तेव्हा म्हणाला, जरा धुरकट आहे मामा, जाईल. हंगामाच्या सुरुवातीला त्यांचा डॉक्टर डोळे तपासतो, भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. मी आधी आत जाऊन तो तक्ता माझ्या व्हिजिटिंग कार्डामागे उतरवून आणला आणि शिकाऊंकडून रस्त्याच्या पाट्या पाठ करून घेतो तसा त्याच्याकडून घोकून घेतला, वरून खाली, खालून वर. तो पास झाला. पुढच्या वर्षी तोच तक्ता, पुन्हा पास. आम्ही पेढे खाल्ले. ते धुरकट कधी गेलंच नाही, दिसत होतं तेही गेलं. दवाखान्यात पक्कड मला म्हणाला, मामा, गाडी आली तेव्हा तो सरळ माझ्याकडे बघत होता आणि त्याला मी दिसलो नाही. हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. पक्कडचा पाय मी मोडला, आक्का. त्यानंतर मी भोवऱ्याला म्हटलं, बास कर. तो म्हणाला, कोणाला सांगितलंत तर मी पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही. म्हणून सांगितलं नाही, माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. तोंड तो तसंही बघत नाही.

ता. क. शेवटचा. खरं काम हे. तुझ्या मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे जाताना त्याला सोबत ने, एकटीला भीती वाटते म्हण, आणि त्यांना आधी सांगून ठेव की याचेही डोळे बघा. त्यांच्या भिंतीवरचा तक्ता त्याला पाठ नाही. डावा गेला तो गेला, उजवा तरी राहायला हवा. आणि फोनचं वर लिहिलं आहे ते खोडून टाक, त्याला काहीही सांगू नकोस. मला शिव्या देणंही थांबवू नकोस. तू एकदम गप्प झालीस तर त्याला लगेच वास येईल. रविवारी तो जेवायला बसला की नेहमीसारखी सुरुवात कर, मेल्याने माझ्या लेकराच्या अन्नात माती कालवली, अशी, चांगली आवाज चढवून. फक्त तुझं ताट त्याच्या उजव्या हाताला मांडून बस, म्हणजे तू त्याला दिसशील.