काकाजींच्या टेकाडातलं धान

१४ जानेवारी २०२५

मिळालं! मडक्याच्या बुडाशी जळून कोळसा झालेलं धान. दाणे अख्खे! मी उत्खननाच्या खड्ड्यातच नाचले.

टेकाड काकाजींच्या शेतात. ते वर उभे राहून बघत होते. "जळक्या धानासाठी एवढी नाचून रायली? तुयी काकी तं रोजच भात जाळते!"

काकाजींचं ठरलेलं पालुपद — धान इथं आपण पोवारांनी आणला, माळव्यातून आलो तेव्हा, तीनशे वर्षांपूर्वी. त्याआधी नुसतं जंगल. टेकाड त्याहून जुनं निघालं तर ठेवणार. नाहीतर मिरगाआधी जेसीबी लावून सपाट, भाताची बांधी, म्हणजे खाचर, करणार. शब्दाचे पक्के, तीच तर पंचाईत!

२ फेब्रुवारी

नमुना दिल्लीच्या लॅबला गेला. अख्खे दाणे द्यायला जीव होईना — तपासताना जाळतात! मडक्याच्या तोंडावरचा काळा चुरा पाठवला.

काकाजींना समजावलं. धान जिवंत असेतो हवेतला कार्बन घेतं, त्यात थोडासा किरणोत्सारी. कापलं की घेणं बंद, आणि आतला घटत जातो. पावणेसहा हजार वर्षांत निम्मा. उरला तो मोजायचा.

"मंग मडकंच मोज ना!"

मडकं कधी जिवंत नव्हतं, काकाजी.

"अन् लाकूड?"

चालतं. पण म्हाताऱ्या सागाचा गाभा झाड तोडायच्या कितीतरी आधीच मेलेला असतो, वय फुगवून सांगतो. धान बरं, एका हंगामाचं.

"कठीणच हाय तुयं," म्हणाले आणि बैलांकडे गेले.

२१ मार्च

निकाल — आधुनिक. १९५० नंतरचं!! अंगणात सगळ्यांसमोर रडले.

"पाह्य रुचिका, मशीनबी माह्याच बाजूनं बोलून रायली," म्हणत काकाजींनी जेसीबीवाल्याला फोन लावला. राग आला. खूप.

२३ मार्च

काकी देवापुढं हूम देत होती — गोवरीच्या निखाऱ्यावर राळ आणि तूप. एक ठिणगी उडाली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

टेकाडावर हूम दिल्याशिवाय काकाजी कुदळ मारू देत नव्हते. रोज सकाळी, अगदी खड्ड्याच्या काठावर! त्या जळक्या गोवरीचा काळा चुरा उडून मडक्याच्या तोंडात. लॅबनं काकाजींच्या गोवऱ्यांचं वय काढलं! हसून हसून पोट दुखलं.

नागपूरला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. म्हणाले, "मोह सोड. तळातले दाणे दे." दिले. जीव तुटला.

काकाजी खजील, पण बोलले एवढंच — "मिरगापर्यंत थांबतो. पुढं नाई."

२९ मे

आलं!!! दाणे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे! वय माहीत असलेल्या झाडांच्या वर्तुळांशी ताडून पाहिलं तर इसवी सनापूर्वी ७५० ते ४०० च्या मध्ये कधीतरी. नेमका त्याच काळाचा आलेख सपाट आहे, म्हणजे त्या सगळ्या वर्षांच्या दाण्यांत कार्बन जवळपास सारखाच उरलेला दिसतो; त्याहून बारीक सांगता येत नाही.

"एक सन सांग," काकाजी.

नाही सांगता येत.

"साडेतीनशे सालाचा घोळ? तेवढ्यात तं आमी माळव्यातून आलो अन् इथलेच होऊन बसलो!"

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. "मंग... आमी आलो तवा इथं धान होताच?"

होता, काकाजी.

जेसीबी रद्द! जिंकले, जिंकले, जिंकले! आमच्या तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारातून पेढे आणले. काकाजींनी त्यांचा पेढा हातातच धरून ठेवला. मनात जरा चर्र झालं. पण मी माझे दोन खाल्ले.

८ जून

मिरग लागला. काकाजी बियाण्यातली पहिली मूठ टेकाडावर ठेवून आले. हूमही दिला — खड्ड्यापासून चांगलं लांब, आधी वारा पाहून!

मी विचारलं, कोणाच्या नावानं?

"तुयी मशीन नाव कुठं सांगते? म्हटलं, ज्यायनं आमाले धान शिकवला, त्यायच्या."