किरकोळ दुखापत

साहेब, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी माझा राग काही निवला नाही. परवा कारखान्यानं मला बोलावलं. नव्या पत्रकार कक्षाला तुमचं नाव द्यायचं आहे म्हणे. तुम्ही इथले जुने जनसंपर्क अधिकारी, बातमीदारांशी तुमचे संबंध फार चांगले, तेव्हा मी तुमच्याबद्दल चार ओळी लिहून द्याव्यात. म्हटलं, देतो की. असा मोका कोण सोडतो!

संबंध तुमचे नव्हते, साहेब, माझे होते. मी तुमच्या हाताखाली शिपाई म्हणून लागलो, पुड्यांचे कागद वाचून बातमी लिहायला शिकलो आणि सायकलनं शेजारच्या सानगडी गावातल्या बातमीदाराकडे प्रेसनोट नेऊ लागलो. तो पोटापुरतं शिंपीकाम करी. त्याची मशीन चालू, माझं बोलणं चालू. आमच्यात एक रिवाज पडला होता. मी "सायबानं सांगितलं" म्हटलं, की तो स्वतः चौकशीला येई. "मी पाहून आलो" म्हटलं, की न विचारता बातमी पाठवी. हे मीच तुम्हाला कौतुकानं सांगितलं. चुकलो तिथंच.

बॉयलरची वाफ सुटून सानगडीचाच एक मजूर भाजला. तुम्ही कागदावर 'किरकोळ दुखापत' लिहिता आहात, चष्म्यावरून माझ्याकडे पाहता आहात. "जा, आणि पाहून आलो म्हण." मी दवाखान्याच्या फाटकापर्यंतही गेलो नव्हतो. तरी म्हटलं. बातमी छापून आली त्याच सकाळी त्या मजुराची मयत गावात आली.

बाजारात बाया बातमीदाराला अडवून विचारत, "का जी भाऊ, मरनं किरकोळ असते काय?" मी त्याच्याकडे गेलो, तर त्यानं मशीन थांबवली नाही. "तुह्या तोंडाकडं पाहून लिवलो ना गा मी. आता कायले आलास?" पुढं मरेपर्यंत त्यानं माझ्या हातचा कागद घेतला नाही.

म्हणून काल लिहिताना माझा हात आखडला नाही. तुम्ही मला टेबल-खुर्ची दिलीत, घरच्या पंगतीत शेजारी बसवून वाढलंत, तेही आठवलं. तरी सगळं लिहिलं. तुमचं नाव, तुमचं अक्षर, तुमचा हुकूम. उद्या तुमच्या फोटोला हार पडेल आणि नवी पोरं-पोरी, आजचे बातमीदार, कारखान्यानं न वाचताच फोटोखाली लावलेला तो कागद वाचत उभे असतील. जळफळाट करायलाही तुम्ही नसाल, एवढंच वाईट वाटतं.

ही चिठ्ठी कुठं टाकायची? राहील खिशातच. एक मात्र सांगतो, तुमच्यापासून लपवून काय फायदा. खोटं सांगायला गेलेल्या माणसाबद्दल मी त्या कागदात 'कारखान्याचा एक कर्मचारी' एवढंच लिहिलं आहे.